जहाजाची वेळ

घड्याळकाकूंना आयुष्यात कुणी कधी वेळ विचारली नाही. दुकानाच्या गल्लीत नवऱ्याला सगळे घड्याळकाका म्हणत, म्हणून त्या घड्याळकाकू झाल्या, इतकंच. एरवी घड्याळांशी त्यांचा संबंध पट्टे बदलण्यापुरता आणि सेल घालण्यापुरता. खिडकीपाशी उजेडात बसून, डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने नखाएवढी चाकं उचलायचा मान काकांचा. काकू दाराजवळच्या स्टुलावर बसत. गिऱ्हाईक आलं की वेळ विचारायलासुद्धा त्यांना ओलांडून आत काकांकडे जाई.

काका वेळेचे पक्के, असं सगळी गल्ली सांगे. त्यात अर्धंच खरं होतं. स्वतःचा चहा, स्वतःचं जेवण, स्वतःची दुपारची झोप ते अगदी काट्यावर पाळत. गिऱ्हाइकाला मात्र 'मंगळवारी या' म्हणत आणि मंगळवारी तो आला की 'शुक्रवारी बघू' म्हणत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण घरात काकूंना भाकरी टाकायला जरा उशीर झाला की ते काही बोलायचे नाहीत, नुसतं मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर बोट वाजवायचे. टक टक. काकूंना ते बोट मोडावंसं वाटे. अनेकदा वाटे, आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नसे.

त्या बोटाचं कारण सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वाचून लोक म्हणतील, बाई दुष्ट होती.

त्यांची मुलगी तान्ही होती तेव्हाची गोष्ट. काकूंच्या माहेराहून निरोप आला, आईचं काही खरं नाही, ताबडतोब निघा. माहेर लांब, डोंगरापलीकडे. काकांनी जीप ठरवली, सोबत दोघं दीर. जीप दारात उभी राहिली, बाकी सगळे बसले, आणि उंबऱ्यातच पोरीने दूध ओकलं. पोरीचं झबलं भिजलं, काकूंचे कपडे भिजले. "आलेच," म्हणून काकू आत धावल्या. झबलं बदलायला असा किती वेळ लागतो? पण बाहेर येतात तो जीप गल्लीच्या तोंडाशी पोचलेली. काकू पोरीला कडेवर घेऊन मागे धावल्या. खिडकीतून काकांचा हात बाहेर आला. त्या हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताचं बोट वाजलं. टक टक. आणि जीप वळली.

दुसरं वाहन दुसऱ्या दिवशी मिळालं. काकू पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईची खाट अंगणात उभी करून ठेवली होती, धुऊन. काका ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "तू वेळेवर निघाली असतीस तर भेट झाली असती."

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक. पण काकांनी त्याची गोष्ट केली. पाहुणे आले की गोष्ट, लग्नकार्यात पंगतीला बसले की गोष्ट, कुणाचं पोर शाळेला उशिरा गेलं की गोष्ट. "पाच मिनिटं! पाच मिनिटांपायी हिला आईचं तोंड दिसलं नाही. वेळ कुणासाठी थांबत नाही, बाबांनो." ऐकणारे चुकचुकत आणि काकूंकडे बघत, जणू आईला काकूंनीच मारलं. काकू मूग गिळून चहा आणायला जात. त्या दिवशी काकांचा चहा नेमका कोमट असे. एवढाच काय तो त्यांचा सूड. कोमट चहाने माणूस मरत नाही, आणि समजतही नाही.

मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. आईबापांच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिने आणि जावयाने जहाजाची सफर ठरवली. आग्नेय आशियातली पाच बंदरं, मोठं पांढरं जहाज, खोलीला गोल खिडकी. निघायच्या आदल्या दिवशी मुलीने आईला बाजूला घेऊन एकेक गोष्ट समजावली. खोलीचं कार्ड गळ्यात ठेवायचं. बाहेर जाताना-येताना ते यंत्राला दाखवायचं. आणि मग म्हणाली, "आई, एक महत्त्वाचं. तिकडे एखाद्या बंदरावर घड्याळ एक तास मागे असतं. पण जहाज स्वतःच्याच वेळेने चालतं. गावातलं घड्याळ बघून परत आलात तर जहाज गेलेलं असेल. ते कुणासाठी थांबत नाही हं. बाबांना नीट सांग. ते घड्याळाच्या बाबतीत माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील."

काकूंना हसू आलं. पोर शिकली सवरली, पण बापाला ओळखलं नाही.

तरी काकूंनी सांगितलं. हे लक्षात ठेवा, त्यांनी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, खोलीत बॅगा टेकल्या आणि काका भिंतीवरच्या घड्याळाकडे नाक मुरडून बघत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, पोरगी सांगत होती, जहाजाची वेळ आणि—"

"घड्याळाचं मला शिकवू नकोस," काका म्हणाले. "जन्म गेला माझा."

काकू गप्प बसल्या. आणि गप्प बसल्या बसल्या त्यांच्या डोक्यात काहीतरी उजळलं. ते इतकं लख्ख होतं की त्यांना क्षणभर भीती वाटली. मग भीती गेली. त्यांनी बॅगेतून काकांच्या बंड्या काढल्या आणि कपाटात नीट रचून ठेवल्या.

पहिली दोन बंदरं बिनबोभाट गेली. तिथली वेळ आणि जहाजाची वेळ एकच होती. काकांची रीत ठरलेली. उतरले की आधी गावातलं मोठं घड्याळ शोधायचं, टॉवरवरचं नाहीतर स्टेशनवरचं, आणि त्यावर मनगटावरचं घड्याळ लावून घ्यायचं. "ज्या गावात जावं त्या गावची वेळ पाळावी. हा आमच्या धंद्याचा धर्म," ते काकूंना सांगत. मोबाइल ते खोलीतल्या तिजोरीत ठेवत, कारण मोबाइलमधल्या घड्याळाला ते घड्याळ मानत नसत. मग दोन्ही हात मागे बांधून पुढे चालू लागत. काकू मागून. सगळी जोडपी हातात हात घालून फोटो काढत होती. यांच्या फोटोत काकांची पाठ यायची.

जहाजावर काकूंना बरं वाटत होतं, हे खोटं कशाला सांगा. कुणीतरी आयतं वाढलेलं जेवण, कुणीतरी आवरलेला बिछाना. खोली आवरायला येणारा माणूस सडपातळ, हसरा. त्याला यांची भाषा येत नव्हती, यांना त्याची. तिसऱ्या बंदराच्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा काका न्हाणीघरात दाढी करत होते. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, मग खिडकीबाहेरच्या गावाकडे, आणि मान जोरजोरात हलवली. गाव वेगळं, हे वेगळं. हेच खरं. काकूंनी मान डोलावली. तेवढ्यात भिंतीतल्या भोंग्यातूनही तीन-चार भाषांत तेच सांगितलं गेलं. आत पाण्याचा नळ जोरात सुरू होता.

"काय म्हणत होता गं तो भोंगा?" काकांनी टॉवेलने तोंड पुसत विचारलं.

"नाश्ता तयार आहे म्हणाला," काकू म्हणाल्या.

हे मात्र खोटं होतं. आजवर काकूंनी सोसलं होतं ते न बोलता. आज पहिल्यांदा बोलून केलं. मन एखाद्या सणसणीत तापातून उठल्यासारखं हलकं झालं होतं.

गाव उकाड्याचं, गजबजलेलं. धक्क्यापासून बाजारपेठ चालत जाण्याइतकी जवळ. चौकात मनोरा होता, मनोऱ्यावर घड्याळ. काका थांबले, वर पाहिलं, स्वतःचं घड्याळ पाहिलं आणि खूश झाले. "बघ. जहाजावरची सगळी घड्याळं तासभर पुढे आहेत. एवढं मोठं जहाज, आणि घड्याळ लावायला माणूस नाही." त्यांनी चावी ओढून काटे मागे घेतले.

काकू त्यांच्या बोटांकडे बघत राहिल्या. तेच बोट.

मनोऱ्यामागच्या बोळात काकांना त्यांचा स्वर्गच सापडला. ओळीने घड्याळजी बसलेले, प्रत्येकाच्या डोळ्याला भिंग, पुढ्यात उघडी घड्याळं. एका म्हाताऱ्याने काकांच्या मनगटावरचं घड्याळ पाहून त्यांना बसायला स्टूल सरकवलं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, आणि दोघं अर्ध्या तासात असे गुंतले की जणू एकाच आईची लेकरं. काकांनी म्हाताऱ्याचं स्प्रिंग बसवून दिलं. म्हाताऱ्याने त्यांना चहा दिला. काकांचा चेहरा तिथे इतका मऊ दिसत होता, की काकूंना एकदम त्यांच्या लग्नातला मुलगा आठवला. आणि मग जास्तच राग आला. हा चेहरा होता यांच्याकडे. मग तो घरी कधी का आणला नाही?

"अहो, माझे पाय दुखताहेत," काकू म्हणाल्या. "मी जहाजावर जाते."

"जा, जा. मी येतो."

"वेळेवर याल ना?"

काकांनी भिंग न काढताच वर पाहिलं. "मी? मी आजवर कधी उशीर केलाय?"

सांगायची ही शेवटची जागा होती, आणि काकूंना ते पक्कं ठाऊक होतं. जिभेवर शब्द आला होता. त्यांनी काकांच्या मनगटाकडे पाहिलं, तासभर मागे पडलेल्या त्या काट्यांकडे. मग त्यांना गल्लीचं तोंड दिसलं, वळणारी जीप दिसली, खिडकीतला हात दिसला.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधीच नाही केला."

जहाज सुटायची वेळ जवळ आली तेव्हा खोलीचं दार वाजलं. पांढऱ्या कपड्यातला एक अधिकारी हातात यंत्र घेऊन उभा. यंत्रात काकांचा फोटो, खाली लाल अक्षरं. "युवर हजबंड, मॅडम? व्हेअर?"

"कमिंग," काकू म्हणाल्या. "ही इज वॉच रिपेअरर. ऑलवेज ऑन टाइम."

अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं. त्याने काकूंना खाणाखुणा करून समजावलं: जहाज थांबणार नाही, पण पासपोर्ट धक्क्यावरच्या कचेरीत ठेवू, पुढच्या बंदरावर ते विमानाने येऊ शकतील. काकूंनी तिजोरी उघडून पासपोर्ट दिला, सोबत काकांचा मोबाइल दिला, मुलीचा नंबर लिहून दिला. अधिकारी निघाला. तो दारातून बाहेर पडतो न पडतो तोच काकूंनी त्याला हाक मारून थांबवलं आणि कपाटातून काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी आणून त्याच्या हातात दिली. सूड वेगळा, रक्तदाब वेगळा.

मग त्या डेकवर गेल्या. कठड्याला माणसांची गर्दी होती. उशीर झालेली दोन-तीन जोडपी धक्क्यावरून पळत येत होती, वरचे लोक शिट्ट्या मारत होते, टाळ्या वाजवत होते. ती पोचली, शिडी वर ओढली गेली, दोर सुटले. जहाज आणि धक्का यांच्या मधे पाण्याची फट दिसू लागली. ती हळूहळू रुंदावली.

आणि तेव्हा काका आले.

पळत नाही. चालत, दोन्ही हात मागे बांधून, बाजारातून फिरून येणाऱ्या माणसासारखे. त्यांच्या हिशोबाने ते बरेच लवकर आले होते. धक्क्याच्या दारात त्यांनी सवयीने मनगट वर केलं, घड्याळ पाहिलं, समाधानाने मान हलवली. मग समोर पाहिलं.

वरचे लोक ओरडू लागले. काकांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. त्यावर बोट वाजवलं. कानाला लावलं. ते चालू होतं. ते अगदी बरोबर चालू होतं. जहाज मात्र निघालं होतं. काका दोन पावलं पळाले, थांबले, कुणाला तरी विचारावं तसे आजूबाजूला बघू लागले. उभ्या जन्मात ते पहिल्यांदाच कुणाला वेळ विचारणार होते, आणि विचारायला जवळ कुणी नव्हतं.

मग त्यांना काकू दिसल्या. कठड्याच्या अगदी पुढे, वाऱ्यात केस विस्कटलेल्या.

काकूंनी डावा हात कठड्याबाहेर काढला. त्या मनगटावर घड्याळ नव्हतं, आजवर कधीच नव्हतं. त्यांनी उजव्या हाताचं बोट त्या रिकाम्या मनगटावर ठेवलं आणि वाजवलं. टक टक.

काकांचा हात खाली आला. त्यांना समजलं. एवढ्या लांबूनही काकूंना दिसलं की त्यांना समजलं. खांदे असे पडले, जणू कुणी आतला खिळा काढून घेतला. काकूंच्या पोटातून काहीतरी उसळून वर आलं. ते रडू नव्हतं. तो आनंद होता, कडक, कोरा आनंद, आणि त्याची त्यांना अजिबात लाज वाटली नाही.

त्या संध्याकाळी त्या पोटभर जेवल्या. मग मुलीचा फोन आला, घाबराघुबरा. "आई! बाबा तिकडे राहिले! तू त्यांना वेळेचं सांगितलं नव्हतंस?"

"सांगत होते," काकू म्हणाल्या. "त्यांनी पुरतं ऐकून घेतलं नाही."

मधला सबंध दिवस समुद्रात गेला. काकू डेकवरच्या खुर्चीत पडून राहिल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या दिवसाला कुणी बोट वाजवलं नाही. पण एक काम उरलं होतं. काका भेटले की एक वाक्य बोलायचं होतं. ते त्यांनी ओसरीवरच्या त्या दिवसापासून जपून ठेवलं होतं. तुम्ही वेळेवर निघाला असतात तर. ते वाक्य त्या दिवसभर जिभेवर घोळवत होत्या.

पुढच्या बंदरावर काका धक्क्यावरच्या बाकावर बसले होते. अंगावर तेच कपडे, दाढी वाढलेली, हातात गोळ्यांची डबी. काकू शिडीवरून उतरून त्यांच्या समोर उभ्या राहिल्या. वाक्य तयार होतं.

पण काकाच आधी बोलले. मान वर न करता.

"मला त्यांनी कचेरीत बसवलं होतं. समोर भिंतीवर घड्याळ. तिथला माणूस सारखा म्हणायचा, विमानाचं बघतोय, थोडा वेळ, थोडा वेळ. मी त्या घड्याळाकडे बघत बसलो. तुझ्या आईच्या खोलीत पण समोर घड्याळच होतं. मीच दिलेलं."

काका पुढे बोलत राहिले.

"मी आईंना सांगितलं, ती मागच्या गाडीने येतेय, तासाभरात पोचेल. मागची गाडी नव्हती, हे मला माहीत होतं. तास झाला. आई घड्याळाकडे बघायला लागल्या. मग त्यांचा डोळा लागला तेव्हा मी स्टुलावर चढलो आणि काटे तासभर मागे घेतले."

"मग?"

"त्यांनी डोळे उघडले, घड्याळ पाहिलं. म्हणाल्या, 'अजून वेळ आहे. येईल ती.' परत तास झाला. मी परत मागे घेतले."

"किती वेळा?"

"त्या होत्या तोवर."

धक्क्यावरून सामानाच्या गाड्या जात होत्या. काकूंना त्यांचा आवाज ऐकू येत नव्हता. आई वाट बघत गेली, हे त्यांना अंदाजाने ठाऊक होतं. पण हे ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत आलं होतं की या माणसाला आपण काय केलं ते कळतच नाही, दगड आहे, पालथ्या घड्यावर पाणी आहे. म्हणून तर त्याला धक्क्यावर उभं करून समजवायचं होतं. आणि याला तर सगळं कळलेलं होतं. त्याच दिवशी, स्टुलावर चढतानाच.

"आणि हे माहीत असून," काकू म्हणाल्या, "तुम्ही माझ्याच उशिराची गोष्ट सांगत राहिलात. पंगतीत. माझ्या पोरीसमोर."

"ती सांगितली की चूक तुझी वाटायची," काका म्हणाले. "मला झोप लागायची."

काकूंनी जपलेलं वाक्य जिभेवरच होतं. आता ते अगदी लहान वाटलं. त्यांनी ते गिळलं. आता बोलून भागणार नव्हतं.

त्या वळल्या आणि जहाजाच्या शिडीकडे चालू लागल्या. मागे काका उठले. रात्रभर खुर्चीत बसून त्यांचे पाय सुजले होते, त्यांना भरभर चालता येत नव्हतं. शिडी उभी होती. त्यांनी कठडा धरला आणि एक पायरी चढून धापा टाकत उभे राहिले.

"अगं," ते मागून म्हणाले, "जरा थांब ना."

काकूंनी ते स्वच्छ ऐकलं. त्या थांबल्या नाहीत.